मोदकांनंतरचा लिलाव

अमेरिकेतल्या फ्रिस्को गावातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या बालनाट्याला नाव दिलेल्या प्रत्येक मुलाला भूमिका मिळते, आणि प्रत्येक भूमिकेला निदान एक वाक्य मिळतं. हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण मोडून बघायची कुणाची छाती नाही. मोडलं तर त्या मुलाचे आईबाप मंडळाच्या ग्रुपवर रात्रभर हसऱ्या चेहऱ्यांसकट टोमणे मारतात. त्यामुळे आमच्या नाटकांत झाडं बोलतात, दगड बोलतात, ढग आपलं मत देऊन जातात. एका वर्षी महाराजांच्या राज्याभिषेकात सिंहासनाच्या चारही पायांनी पुढे येऊन "महाराजांचा विजय असो" म्हटलं होतं. ते पुढे आले तेव्हा महाराज खाली बसले होते ते वेगळं.

असल्या मंडळात माझ्या बारा वर्षांच्या लेकीने गुलामगिरीवर नाटक लिहून आणलं. शाळेत त्यांना अशा बायकांबद्दल शिकवलं होतं, ज्या याच देशात गुलाम म्हणून जन्मल्या आणि पुढे जिवावर उदार होऊन स्वातंत्र्यासाठी पळाल्या. वर्गातल्या सगळ्यांना पळून जाण्याचा भाग आवडला. आमची बया त्याच्या आधीच अडकली. अशी एखादी बाई लहान असताना काय करत असेल? आई दिवसभर कापसाच्या शेतात, मग हिला कोण सांभाळायचं? तिला खेळायला मिळायचं का? लायब्ररीतून तिने अशा बऱ्याच बायकांच्या आठवणी आणून वाचल्या आणि त्या सगळ्यांतून स्वतःची एक मुलगी उभी केली. तिला नाव मात्र दिलं नाही. "त्यांचं नाव पण मालकच ठरवायचे, सो मी नाही ठरवणार," असं तिचं म्हणणं.

आणि हे सगळं मराठीत. मी न सांगता, न ओरडता, न आमिष दाखवता. मी तर दृष्ट काढायच्याच बेतात होते.

समितीची बैठक खजिनदार काकूंच्या घरी झाली. या काकू मंडळाच्या पैशांइतक्याच मंडळाच्या मूडच्याही खजिनदार आहेत. नाटक ऐकून त्यांनी डोळे पुसले, मग चिवड्याची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "छान लिहिलंयस गं. पण गणपतीत रडकं नको यार. लोक जेवून बसलेले असतात. मधे एक कोळीगीत टाकू या का?"

"काकू, ते कोळी नव्हते," लेक म्हणाली.

"बरं, कापसाचं शेत आहे ना? मग शेतकरी नृत्य. ड्रेस आहेत मागच्या वर्षीचे."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते, कारण तिच्या नजरेला नजर दिली असती तर मला हसू फुटलं असतं, आणि हसू हाच तर सगळा तिढा होता. मागच्या वर्षी तिने मंडळात एक कविता म्हटली होती. चांगली पाठ केलेली. पण तिच्या अमेरिकन मराठीला हॉल पहिल्या ओळीपासून हसत सुटला. वाईट मनाने नाही हो, "किती गोड बोलते" म्हणून. ती कविता पूर्ण करून खाली आली, सरळ पार्किंगमध्ये गेली आणि गाडीत बसून राहिली. जेवायलासुद्धा आली नाही, आणि त्या दिवशी पुरणपोळी होती.

बैठकीहून परतताना गाडीत तिने मला अट घातली. "आई, एकच सीन. ऑक्शनचा. तिला आईपासून वेगळं करून विकतात तो. बाकी नाटकात लोक हसले तरी ओके. त्या सीनमध्ये कोणी हसायचं नाही. इफ दे लाफ, आय ॲम डन. मी मंडळात परत येणार नाही."

मला धडकीच भरली. घराबाहेर ही मुलगी मराठी बोलते ती फक्त या मंडळात, आणि घरात बोलते ती काही हवं असलं तरच. मंडळ सुटलं की मराठी सुटणार हे मला लख्ख दिसत होतं. आणि आमच्या मंडळाला पाच मिनिटं हसू नका म्हणणं म्हणजे काय, हेही मला माहीत होतं. ही माणसं शोकसभेत चहा आला की कोट्या सुरू करतात. तरी मी म्हटलं, "नाही हसणार कोणी." दुसरं काय म्हणणार?

तालमी सुरू झाल्या आणि पहिलंच घोडं अडलं ते मालकावर. मालक व्हायला कोणी तयार होईना. मुलं तयार होती, त्यांना टोपी घालून ओरडायला मिळणार होतं. पण आईबाप आडवे आले. आमच्या मुलाने गुलामांचा मालक केला आणि कुणी व्हिडिओ काढला तर? उद्या कॉलेजवाल्यांनी पाहिला तर? शेवटी ही भूमिका सेक्रेटरी काकांच्या गळ्यात पडली. सेक्रेटरी काका हा फ्रिस्कोतला सगळ्यात मऊ माणूस. फोनमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईलाही ते थँक यू म्हणतात. मंडळाचं दरवर्षीचं सूत्रसंचालन, माइक आणि माफी मागण्याची सगळी कामं त्यांच्याकडेच असतात.

पहिल्या तालमीत त्यांनी डरकाळी फोडायची होती, "ए पोरी, पाणी आण." काका म्हणाले, "ए पोरी, पाणी आण... जमेल तेव्हा."

"काका, यू कान्ट से जमेल तेव्हा," लेक म्हणाली.

"अगं पण ती दमलेली दिसते."

"ती दमलेलीच आहे. तुम्हाला फरक पडत नाही."

काकांनी पुन्हा प्रयत्न केला. या खेपेला "जमेल तेव्हा" गाळलं, पण पाणी आणल्यावर तोंडातून "थँक यू बेटा" निघून गेलं. हे आठवडाभर चाललं. त्यांच्या बायकोने मला सांगितलं की हल्ली घरी ते आरशासमोर उभे राहून रागवायचा सराव करतात आणि मग आरशाची क्षमा मागतात.

कपड्यांचा प्रश्न त्या मानाने चटकन सुटला. त्या काळातल्या गरीब बायकांचे झगे भाड्याने आणायचे तर बरेच पडत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण घरात घालतो ते सुती गाऊन साधारण तसेच दिसतात. घोळदार, विटलेले, खिशाशी उसवलेले. झालं, सगळ्यांच्या कपाटांतून गाऊन निघाले, वर स्वयंपाकाचे एप्रन बांधले, आणि दीड-दोनशे वर्षांचं अंतर एका दुपारीत मिटलं.

मेकअप खजिनदार काकूंकडे होता. त्या पेटी उघडून म्हणाल्या, "चेहऱ्याला जरा गडद काही लावू या का?" त्याबरोबर सगळी मुलं एका सुरात "नो!" म्हणाली. आरतीतसुद्धा ही मुलं कधी इतकी एका सुरात नसतात. मग मोठ्या मुलींनी काकूंना खाली बसवून, इथे गोरी माणसं तोंडाला काळं फासून कशी थट्टा करायची आणि ते किती अपमानाचं होतं, ते नीट समजावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "कळलं बाई, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पण आपल्यात आजवर सगळ्यांना उजळच करायला सांगायचे. आता उजळ करायचं नाही, गडद करायचं नाही, तर मी ही पेटी आणली कशाला?" शेवटी त्यांनी सेक्रेटरी काकांना दणदणीत मिशा काढल्या. त्या मिशांमुळे ते आणखीच प्रेमळ दिसायला लागले.

कापसाच्या शेताची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. मुलांकडे आलेले आजी-आजोबा इथे सहा महिने कंटाळलेले असतात, म्हणून आज्यांना शेतात कापूस वेचणाऱ्या बायका केलं. प्रत्येकीसमोर कापसाचा ढीग. लेकीने सांगितलं, "आजी, तुम्ही फक्त कापूस टोपलीत टाकायचा. थकून. स्लो." आज्या बसल्या, कापूस हातात आला, आणि हात आपोआप चालू लागले. एक प्रवेश संपेपर्यंत टोपल्या फुलवातींनी भरल्या होत्या. एकीने तर मांडीवर समईच्या वाती वळून त्यांच्या जुड्याही बांधल्या. "रिकामे कसे बसणार गं," असं त्यांचं उत्तर. दर तालमीला नवा कापूस आणायचा, दर तालमीला त्याच्या वाती व्हायच्या, आणि आमच्या सगळ्यांच्या देव्हाऱ्यांची पुढच्या दिवाळीपर्यंतची सोय झाली.

मुलगी लेक स्वतःच करणार होती, आणि तिच्या आईची भूमिका मी करावी असा तिचा हट्ट होता. "मुलांना ते जमणार नाही, तू कर," एवढंच ती म्हणाली. मला अभिनय येत नाही. शाळेत मी नेहमी पडदा ओढायला असायचे. पण तिने विचारलं होतं, आणि बारा वर्षांची मुलगी आईला आपल्याबरोबर लोकांसमोर उभं राहा म्हणते हे काही रोज घडत नाही. मी माझाच निळा गाऊन घातला आणि उभी राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल गच्च भरला होता. शेजारच्या प्लेनोहूनही माणसं आली होती. आरती झाली, जेवणं उशिरा झाली, आणि सगळा क्रम कोलमडला. आमच्याकडे बाप्पासमोरच्या मोदकांच्या ताटाचा लिलाव होतो. पैसे पुढच्या वर्षीच्या हॉलसाठी. हा लिलाव खरं तर नाटकानंतर, पण लहान मुलांना झोपा येतील म्हणून काहींनी घाई केली आणि तो नाटकाच्या आधी घ्यायचं ठरलं. लिलाव करणार कोण? दरवर्षीप्रमाणे सेक्रेटरी काका. त्यांना कपडे बदलायला वेळच नव्हता. ते मालकाचा कोट, उंच टोपी आणि काकूंनी काढलेल्या मिशा घेऊन माइकसमोर उभे राहिले आणि मोदक पुकारू लागले.

आमच्यात बोली कधी पूर्ण आकड्याची नसते. शुभ म्हणून वर एक लावायचा. एकशे एक, दोनशे एक, असं चढत जातं. त्या दिवशी डेंटिस्ट काका अगदी इरेला पेटले होते. हे माझ्या नवऱ्याचे जुने मित्र, दुसऱ्या रांगेत कडेला बसलेले. अर्ध्या मंडळाचे दात यांनी भरलेत, माझं रूट कॅनालही यांनीच केलं, आणि ते करताना इतके विनोद केले की मी तोंड उघडं ठेवून हसत होते. पण ताट त्यांच्या हातून निसटलं. घरं विकणाऱ्या एका काकूंनी आठशे एक म्हटलं, सेक्रेटरी काकांनी "एक वार, दोन वार, तीन वार" केलं, टाळ्या पडल्या, मोदक गेले. डेंटिस्ट काका मोठ्याने म्हणाले, "ठीक आहे, पुढचा माल माझा." हॉल खदखदला.

आणि पडदा न पाडताच नाटक सुरू झालं.

पहिले प्रवेश छान गेले. लोक हसले, हसायचंच होतं. सेक्रेटरी काकांनी "पाणी आण" एकदम खणखणीत म्हटलं आणि विंगेतून त्यांच्या बायकोने टाळी वाजवली. आज्यांनी वाती वळल्या. मी माझ्या नाटकातल्या मुलीची वेणी घालून दिली, ती घालताना खऱ्या मुलीने "आऊच" म्हटलं, त्यालाही हशा मिळाला.

मग तो प्रवेश आला. मालकाला पैसे हवे असतात, म्हणून तो मुलीला विकायला काढतो. लेक एका स्टुलावर उभी राहिली, मान खाली. मी कोपऱ्यात. टोप्या घातलेली दोन मुलं गिऱ्हाइकं म्हणून तयार होती. त्यांनी आकडे बोलायचे आणि एकाने तिला घेऊन जायचं, एवढंच लिहिलं होतं. सेक्रेटरी काका पुढे आले. तेच काका, तीच टोपी, तोच माइक, मघाशी मोदक होते तीच जागा. ते म्हणाले, "बोला, काय देणार?"

टोपीवाल्या मुलाने तोंड उघडायच्या आत दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "एकशे एक!"

डेंटिस्ट काका. हॉल फुटला. माणसं खुर्च्यांवर मागे रेलून हसायला लागली. घरं विकणाऱ्या काकूंनी मागून ओरडून सांगितलं, "दोनशे एक! मला मोदक वाढायला कोणीतरी पाहिजेच आहे." आणखी कुणी विचारलं, "डिशवॉशर लोड करते का?" त्यावर अजून हसू. "दात दाखवा आधी," कुणी म्हणालं, "डॉक्टर, दात बघून घ्या." लेकीनेच मला वाचून दाखवलं होतं की गिऱ्हाइकं खरोखर दात उघडून बघायची. हे त्या हसणाऱ्या माणसाला माहीत असेल असं मला वाटत नाही. माहीत नसतानाही तो बरोबर तेच म्हणाला होता.

मी कोपऱ्यातून बघत होते. ही सगळी माझी माणसं. यांच्या घरी मी बाळंतपणात डिंकाचे लाडू खाल्लेत. एकाच्याही चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. आनंदाने, मजेत, शुभ म्हणून एकेक डॉलर वर लावत, ते माझ्या मुलीवर बोली लावत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. आणि लेक स्टुलावर तशीच, मान खाली. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. पार्किंगमधली गाडी माझ्या डोळ्यांसमोर आली. मला वाटलं, संपलं.

सेक्रेटरी काका पार गोंधळले होते. त्यांना थांबवायचं होतं, पण या माणसाने आयुष्यात कुणाला थांबवलेलं नाही. आकडा पाचशे एकवर गेला तेव्हा सवयीने त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "एक वार... दोन वार... तीन वार." टाळ्या झाल्या. डेंटिस्ट काकांनी उभं राहून हात जोडले आणि सगळ्यांना नमस्कार करून खाली बसले.

लेक स्टुलावरून उतरली. टोपीवाल्या मुलांकडे तिने बघितलंही नाही. ती कडेच्या पायऱ्या उतरून खाली हॉलमध्ये आली, दुसऱ्या रांगेशी गेली आणि डेंटिस्ट काकांच्या समोर उभी राहिली. हात पुढे जुळवलेले, नजर त्यांच्या बुटांवर.

"मालक," ती म्हणाली, "मी झोपायचं कुठे?"

नाटकात विकली गेल्यावरचं तिचं ते पहिलं वाक्य होतं. तिने नाटक फक्त पुढे चालू ठेवलं होतं.

काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यात आता ते नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "अगं बाळा," ते म्हणाले, "गंमत केली गं." लेक हलली नाही. विकत घेतलेली मुलगी मालकाने सांगितल्याशिवाय हलणार कशी? ती थोडी थांबली आणि तितक्याच हळू पुन्हा म्हणाली, "मालक, मी झोपायचं कुठे?"

हसणं पुढच्या रांगांपासून मागे विझत गेलं. अगदी मागे, जिथे नीट ऐकू आलं नव्हतं, तिथे कुणीतरी अजून खिदळत होतं. शेजारच्याने त्याला काहीतरी सांगितलं असावं. मग तेही थांबलं.

आता माझी पाळी होती. त्या प्रवेशात आईला एकच वाक्य होतं, मुलीला नेणाऱ्या माणसाला म्हणायचं. तालमीत मी ते टोपीवाल्या मुलाला उद्देशून म्हणायचे आणि दर वेळी हसायचे. मी रंगमंचाच्या टोकाशी आले. समोर माझ्या नवऱ्याचा मित्र बसला होता आणि त्याच्यासमोर माझी मुलगी उभी होती, त्याची झालेली.

"मालक," मी म्हटलं, "रात्री तिच्याजवळ एक दिवा असू द्या. तिला अंधाराची भीती वाटते."

अर्ध्यातून माझा आवाज माझाच झाला. कारण वाटते तिला, खरंच वाटते, अजूनही. ते वाक्य लिहिताना तिने मला काही सांगितलं नव्हतं.

डेंटिस्ट काका उठून उभे राहिले. ते माझ्याकडे बघत होते.

"ठेवतो, वहिनी," ते म्हणाले. "दिवा ठेवतो."

लेकीने मान हलवली, पायऱ्या चढून वर आली आणि पुढच्या प्रवेशाच्या जागी, जमिनीवर, आडवी झाली. रंगमंचावरचे लाइट गेले. दिवा तिने त्या प्रवेशात लिहिलाच नव्हता. मी विंगेत उभी राहून त्या काळोखात माझी मुलगी शोधत होते. खाली हॉलमध्ये, दुसऱ्या रांगेत, एक माणूस अजून उभाच होता.